महूच्या शेडमधली एमजीबी: इंजिन नंतर, आधी आरसी आणि सिल बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर तुम्हाला लगेच कळेल. महूला एका बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये 1966 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, वीसेक वर्षं उभी आहे. कर्नलसाहेब गेले, मुलगा बंगळूरला असतो, त्याला बंगला रिकामा करायचाय आणि गाडीचे तो साडेसहा लाख मागतोय. इंजिन जाम, टप फाटलेला, तारेची चाकं, आणि "बाकी गाड़ी कम्प्लीट है साहब" हे चौकीदाराचं सर्टिफिकेट. तुमच्याकडे सगळं मिळून बारा लाख आहेत, दोन वर्षांत गाडी रस्त्यावर हवीय, आणि विचारलंय दोनच गोष्टी: इंजिन खोलायला किती लागतील आणि साडेसहा जास्त आहेत का.

मी इंदूरलाच पोलोग्राउंडच्या बाजूला जुन्या ब्रिटिश गाड्यांचं काम करतो, बरीच वर्षं झाली, आणि गाडी बघून आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पहिलं इंजिनच विचारतो. साहजिक आहे, बॉनेट उघडलं की तेच दिसतं. पण या गाडीत सगळ्यात कमी काळजी करायची गोष्ट म्हणजे इंजिन. ही गाडी कागदावर अजून गाडी आहे का, आणि तिचा पत्रा, मुख्यतः दाराखालच्या पोकळ पट्ट्या म्हणजे सिलं, अजून तिचं वजन पेलतोय का, हा खरा प्रश्न. या दोनाचं उत्तर "हो" असेल तर साडेसहावर बोलता येईल, आणि पहिल्याचं "नाही" असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. तुमच्याकडे बंद, कोरडी, लाइट असलेली जागा आहे का, कारण उघडलेली एमजीबी चालू गाडीच्या तिप्पट जागा खाते आणि फ्लॅटच्या पार्किंगमध्ये सोसायटीवाले महिन्याभरात नोटीस चिकटवतात. तुम्ही स्वतः हात काळे करणार की सगळं कारागिरांकडून करून घेणार. आणि गाडी कशाला हवीय, रविवारी सकाळी पोहे खायला इंदूरच्या छप्पन दुकानला जायला की रॅलीत उभी करायला. या तिसऱ्या उत्तरावर कागदांचा रस्ता बदलतो म्हणून तिथूनच सुरू करतो.

मुलाला फोन करून मूळ आरसी बुकाचा फोटो मागवा. झेरॉक्सचा नाही, मूळ बुकाचा, सगळ्या पानांचा. तुम्ही लिहिलंय की गाडी मुंबईच्या नंबरची आहे आणि कर्नलसाहेबांनी ती सत्तरच्या दशकात घेतली होती, म्हणजे पहिली गोष्ट ही बघायची की बुकात त्यांचं नाव चढलंय का. त्या काळात अनेकांनी गाडी घेतली, वापरली, आणि नाव मागच्या मालकाचंच राहिलं, तो मागचा मालक आता कुठे शोधणार. नाव त्यांचंच असेल तर मालक वारल्यावरची ट्रान्सफर फॉर्म 31 वर होते, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. एक मुलगा विकतोय म्हणजे बहीण नाही असं गृहीत धरू नका. मग मुंबईच्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28. इतकं जुनं बुक बहुतेक वेळा 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीच्या कॉम्प्युटरवर चढलेलंच नसतं, तेव्हा आधी तिथे बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि त्यासाठी त्यांच्या जुन्या रजिस्टरमध्ये ते पान सापडावं लागतं. ही सगळी धावपळ विकणाऱ्यानं करायची असते, किमान सौदा होण्याआधी सुरू तरी झालेली हवी. "आप पैसे दे दो, पेपर हो जाएंगे" हे वाक्य ऐकलं की उठून चहा प्यायला जावं, परत येऊ नये.

गाडी बाहेरून आलेली आहे, इथे कधी बनलीच नाही, त्यामुळे कस्टम्सचा कागद म्हणजे बिल ऑफ एंट्री कुठे असेल तर सोन्यासारखा जपा. त्या काळी बऱ्याच परदेशी गाड्या वकिलातीतल्या लोकांबरोबर आल्या आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या, तसं असेल तर त्याचंही एखादं पत्र कर्नलसाहेबांच्या फायलीत असेल. फौजी माणसं कागद टाकत नाहीत, बंगला रिकामा व्हायच्या आत ती फाइल शोधायला सांगा, रद्दीत गेली तर गेली.

आता दोन रस्ते. एक म्हणजे साधं नूतनीकरण, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करतात ते. आयात केलेल्या कारसाठी याची फी एप्रिल 2022 पासून 40,000 झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी अजून वाढवली, तेव्हा ती आत्ताची किती आहे ते पोर्टलवर बघूनच हिशोबात धरा. दुसरा म्हणजे जुलै 2021 च्या नियमातली व्हिंटेज नोंदणी: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, नवीन नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षं वैध, नंतर 5,000, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं, आणि आधीपासून नोंदलेली गाडी असेल तर तिचा जुना नंबर ठेवता येतो. स्वस्त वाटतं, पण अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. पोह्यांना जाणं यात बसत नाही हो. आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरबदल नको.

ही इंजिनाची अट आपल्याकडे अनेकांना आडवी येते, आणि त्याचं कारण अँबेसेडर. एमजीबीचं 1798 सीसी इंजिन आणि जुन्या पेट्रोल अँबेसेडरचं 1489 सीसी इंजिन हे एकाच घराण्यातले, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोघांचा 88.9 मिलीमीटर, फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात. त्यामुळे एमजीचं इंजिन निकामी झालं आणि स्पेअर मिळेना की लोक सरळ अँबेसेडरचं बसवून मोकळे व्हायचे, आणि वरून बघितलं तर नवख्याला कळतही नाही. म्हणून इंजिनाच्या ब्लॉकवरची छोटी नंबरप्लेट पुसून वाचा. 1966 च्या गाडीला 18जीबी ने सुरू होणारा नंबर असायला हवा, हे पाच बेअरिंगचं इंजिन, 1964 पर्यंतच्या तीन बेअरिंगवाल्यापेक्षा दणकट. बॉनेटखाली आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर चॅसिसची प्लेट असते, तिथे जीएचएन3 ने सुरू होणारा नंबर हवा. एन म्हणजे टू-सीटर, एनच्या जागी डी असेल तर ती बंद टपाची जीटी. हे दोन्ही नंबर आरसीशी अक्षर अक्षर जुळवा, कारण 1980 साली कुण्या क्लार्कनं बुकात 3 चा 8 केला असेल तर आज इन्स्पेक्टर तुमच्या गाडीसमोर उभा राहून मान हलवेल. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून फी भरून या गाड्यांचं हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठल्या बाजारासाठी गेली हे सगळं कारखान्याच्या नोंदीवरून. गाडी घ्यायचं नक्की झालं की मागवाच.

कागद पटले तर मग महूला जा, आणि जाताना लोहचुंबक, टॉर्च, जुना स्क्रू ड्रायव्हर, आडवं पडायला एक सतरंजी आणि घरची ट्रॉली जॅक न्या.

एमजीबीला अँबेसेडर किंवा जीपसारखा वेगळा सांगाडा असतो असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. ही मोनोकॉक आहे, बॉडी हाच सांगाडा. आणि रोडस्टर म्हणजे वर छप्पर नाही, म्हणजे पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग यांना जोडून ठेवणारं जे काही आहे ते फरशी, मधला बोगदा, आणि दाराखालची दोन सिलं. त्यातला मुख्य जोर सिलांवर. सिल बाहेरून एक पत्रा दिसतो पण आत तीन थर आहेत, बाहेरचा, मधला पडदा, आतला, आणि तळाशी त्यांना बांधणारी नळीसारखी पट्टी. पाणी आणि चिखल वरून पुढच्या मडगार्डच्या मागच्या पोकळीत उतरतो, तिथे साठतो, आणि सिलाला आतून खातो. बाहेरचा रंग चकचकीत असतो आणि आत बिस्किट झालेलं असतं. महूचा पाऊस तुम्हाला माहितीये, शेडची जमीन मातीची असेल तर वीस पावसाळे गाडीनं खालूनही ओल घेतलीये.

पहिले दार बंद करून फटी बघा. दाराची मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर बारीक आणि खाली रुंद असेल तर गाडी मध्यात खचलीये. मग दार थोडं उघडा आणि हळूच परत लावा, लॅच सरळ जाऊन बसतो की दार उचलून लावावं लागतं. बिजागरी झिजली असेल तरी दार उतरतं, तेव्हा दार हातानं वर-खाली हलवून बिजागरीतला खेळ आधी वेगळा करा. त्यानंतर जॅक. सिलाच्या मध्यावर जॅकची मूळ जागा असते, तिथे लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू उचला आणि डोळा त्या मागच्या फटीवर ठेवा. निरोगी गाडीत दोन चाकं उचलली तरी फट जवळपास जिथल्या तिथे राहते. फट कमी-जास्त व्हायला लागली किंवा दार उघडेना झालं, तर समजा सिलात दम नाही. आणि जॅकच सिलाला दाबत वर शिरायला लागला तर तिथेच थांबा, उत्तर मिळालं. हे करताना कुणीही गाडीखाली जायचं नाही, घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावल्याशिवाय तर अजिबात नाही.

चुंबक सिलावर, मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यावर, मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. आपल्याकडचे जुने डेंटर हातचे उस्ताद होते, कुजलेल्या सिलावर नवा पत्रा टोपीसारखा चढवून, पुट्टी घासून अशी सफाई करायचे की बोट फिरवून कळत नाही, पण त्या टोपीला ताकद काहीच नसते. सीटमागचं झाकण उघडा, तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे डबे असतात, ॲसिड सांडून ते हमखास गेलेले असतात, ते चालतं, ते नवीन बनतात. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) पुढचे हँगर जिथे बॉडीला बसतात ती जागा मात्र स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. तिथे टोक आत गेलं तर काम गंभीर.

सिलं गेलेली असली तरी गाडी मेली असं नाही. पुढची मडगार्डं बोल्टची आहेत, निघतात, सिलाचे सगळे थर नवे मिळतात. पण सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून लॅचच्या खांबापर्यंत आडवा अँगल टाकून बांधावं लागतं, एका वेळी एकच बाजू, आणि दर थोड्या वेळानं दार लावून बघायचं. हे न करता दोन्ही सिलं एकदम कापली की गाडी केळ्यासारखी वाकते आणि त्याच आकारात वेल्ड होते, मग जन्मभर दार लागत नाही. देवास नाक्याला ट्रकची कॅबिन बनवणारा वेल्डर कितीही चांगला असो, त्याला हे माहीत असेलच असं नाही. म्हणून तुम्ही रेस्टोरेशनला जे साडेपाच लाख उरवताय ते, दोन्ही सिलं आणि फरशी करायची असेल तर, पत्रा आणि रंग यातच संपतील असं धरून चाला.

इथवरचं थोडक्यात: आरसी नसेल तर सौदा नाही. आरसी आहे, सिलं चांगली, इंजिन जाम, तर बिनधास्त बोलणी करा. आरसी आहे पण सिलं गेली, तर गाडीची किंमत सुट्या पार्टांची आणि कागदांची, साडेसहा नाही.

आता तुमचं लाडकं इंजिन. वीस वर्षं उभं इंजिन बहुतेक वेळा रिंगा सिलिंडरला धरल्यामुळे जाम होतं, कधी क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते तीही लोक इंजिनाच्या नावावर खपवतात. चारही प्लग काढा, मोबाइलला लावायचा छोटा बोरस्कोप आत घाला आणि भिंती बघा. नुसती तपकिरी झाक वेगळी आणि खड्डे पडलेला गंज वेगळा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरऑइल नाही तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), निम्मं-निम्मं, ओतून आठवडाभर सोडा, मुरलं की परत ओता. रॉकर कव्हर काढून व्हॉल्व्ह हलतात का बघा, कारण व्हॉल्व्ह अडकलेला असताना इंजिन फिरवलं की पुशरॉड वाकतो. त्यानंतर क्रँकच्या नटावर सॉकेट लावून हलकेच पुढे-मागे, पुढे-मागे. पान्याला चार फुटी पाइप लावून जोर करायचा नाही. आणि ट्रॅक्टरला बांधून ओढून स्टार्ट करायचा सल्ला शेजारचा कुणीतरी देणारच आहे, त्याला नमस्कार करा.

नाहीच सुटलं तर खोला, त्यातही घाबरण्यासारखं नाही. अँबेसेडरची जुनी इंजिनं ज्यांनी बांधली ते मिस्त्री इंदूरमध्ये अजून आहेत, वयस्कर झालेत पण आहेत, आणि त्यांच्या हाताला या इंजिनाची रचना पाठ आहे. पिस्टन, बेअरिंग अँबेसेडरचे चालत नाहीत हे मात्र त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर ते जमवायला जातील. पाने इंची लागतील. हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घ्या. शिसं असलेलं पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झालं आणि जुन्या हेडच्या मऊ सीटा त्या शिशावरच टिकून होत्या. ट्रकची हेडं करणारा कुठलाही चांगला हेडवाला हे करतो. आता मिळतं ते ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे टाका, जुना पाइप आतून सुटतो आणि त्याचा काळा चुरा दोन्ही एसयू कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो. एसयूला उगाच बदनाम करतात, त्यात हलणारा भाग म्हणाल तर पिस्टन आणि सुई. पिस्टन बोटानं उचलून सोडा, टक् आवाज करत खाली आला की ठीक.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणारच, पूर्ण नवी लूम (वायरींचा जुडगा) टाका, ठिगळं लावू नका, या मॉडेलला फ्यूज मोजून दोन असतात, जुन्या वायरीला आग लागायला तेवढं पुरतं. एक लक्षात ठेवा, 1966 ची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, डायनॅमोवाली. इलेक्ट्रिशियननं सवयीनं बॅटरी उलटी लावली की गेलं काहीतरी. ब्रेकचं तर बघायलाच नको, मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं नवीन. तारेची चाकं मात्र तिथेच तपासा, चाक उचलून पुढचा ब्रेक कुणाला तरी दाबायला सांगा आणि चाक हातानं मागे-पुढे करा, टक-टक झालं तर हबचे दाते झिजलेत, आणि हब-चाक दोन्ही बदलणं स्वस्त नाही. ब्रेकच चालत नसतील तर चाक काढून दाते डोळ्यांनी बघा, टोकदार झाले असतील तर संपले.

"कम्प्लीट" या शब्दावर माझा अजिबात विश्वास नाही. डिक्कीत, शेडच्या माळ्यावर, घरातल्या स्टोअररूममध्ये शोधा: टपाचा सांगाडा, काचेची क्रोम चौकट, मीटर, स्टिअरिंग, ग्रिल, दिव्यांच्या रिंगा, कुलपांच्या किल्ल्या. एमजीबीचं नशीब चांगलं, जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे इंग्लंडमध्ये जवळजवळ सगळं नवीन मिळतं, अगदी अख्खी बॉडी शेलसुद्धा 1988 पासून मिळते. पण कुरियर, ड्युटी, जीएसटी धरून छोट्या छोट्या वस्तूंचं बिल इंजिनाच्या कामाला मागे टाकतं हे मी दर गाडीला बघतो. यासाठीच अपूर्ण पण स्वस्त गाडीपेक्षा मी नेहमी पूर्ण पण जाम गाडी घ्यायला सांगतो.

आणि हो, इंदूरच्या आसपासची जुनी गाडी म्हटलं की होळकरांचं नाव कुठून तरी येतंच, "महाराजा के टाइम की है". यशवंतराव होळकरांची ड्युझेनबर्ग वगैरे वेगळ्या जगातल्या गाड्या, आणि 1966 पर्यंत ते हयातही नव्हते. त्या गोष्टीचे पैसे देऊ नका.

दोन वर्षांचं म्हणाल तर कारागिरांवर सोडलंत तर जमणं अवघड आहे, कारण डेंटरकडे लग्नसराईत आणि दिवाळीआधी चालू गाड्यांची रांग असते आणि तुमची गाडी कोपऱ्यात सरकते. पैसे कामाच्या टप्प्यावर द्या, उचल म्हणून नाही. घरी मात्र पूर्ण आकडा सांगा, अर्धा सांगितला की दुसऱ्या वर्षी गाडीच विकायला निघते.

बोलणी करताना मुलाला सिलाचे आणि फटीचे फोटो दाखवा, आवाज चढवायची गरज नाही. त्याला बंगला रिकामा करायचाय, म्हणजे घाई त्याला आहे. थोडं टोकन द्या, ते एनओसी आणि वारसांच्या सह्यांशी बांधून लिहून घ्या, बाकी रक्कम कागद हातात आल्यावर. गाडी आणताना फ्लॅटबेडवरच आणा, दोरीनं ओढून नाही, वीस वर्षांत ब्रेक शू ड्रमला चिकटलेले असतील आणि महू ते इंदूर ओढत आणली तर हब तापून बेअरिंग संपेल. उचलायच्या आधी चारही बाजूंनी, खालून आणि डिक्कीतून भरपूर फोटो काढून ठेवा, कुठला नटबोल्ट कुठे होता ते नंतर त्यातूनच कळतं. सिलाच्या तळाचा, पाट्याच्या हँगरचा आणि इंजिन-चॅसिसच्या दोन्ही नंबरप्लेटांचा फोटो मला इथेच टाका, बघून सांगतो.